शून्य मार्कांचा निरोप

प्रकाश,

तुझ्या तेरवीला मी आले नाही. गाडी मिळाली नाही असं वहिनींना कळवलं, ते खोटं होतं. यवतमाळच्या स्टँडवर दिग्रसची एसटी माझ्यासमोर लागली, माणसं चढली, कंडक्टरनं "येता का मॅडम?" असं विचारलंसुद्धा. मी मान हलवली आणि घरी परत आले. आले असते तर पंगतीत कोणीतरी तुझ्याबद्दल चांगलं बोललंच असतं. देवमाणूस होता, तांड्याला जगाशी जोडलं, वगैरे. मग मी सगळ्यांदेखत भांडले असते. मेलेल्या माणसाशी भांडणारी बाई म्हणून तुझ्या तांड्यात माझं नाव झालं असतं, आणि ते तुला वर बसून फार आवडलं असतं. वर वगैरे मी मानत नाही हे तुला ठाऊक आहे. पण असलंच काही, तर तेवढा आनंद मी तुला देणार नव्हते.

म्हणून इथे लिहिते आहे. इथे तरी तू मधे बोलणार नाहीस.

लोक म्हणतात तुला हार्ट अटॅकनं नेलं. डॉक्टरांनीही कागदावर तेच लिहिलं. माझं मत वेगळं आहे. तू स्वतः बनवलेल्या एका नियमानं मेलास, आणि तो नियम अर्धवट आहे हे मी तुला कानीकपाळी ओरडून सांगत होते. तुझ्या तांड्याची गोष्ट तुलाच काय सांगायची, पण मला राग आला की मी मुळापासून सुरू करते. ऐकून घे.

तुमचा तांडा खोलगटात. चारी बाजूंनी टेकाडं. मोबाइलची रेंज फक्त वर फाट्यावर, जिथे एसटी थांबते. खाली उतरलं की फोन म्हणजे टॉर्च आणि साठवलेली गाणी. पॉलिटेक्निकमध्ये आपण दोघं एका बाकावर इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. मी पुढे तिथेच शिकवायला लागले आणि तू शेतीकडे परत गेलास. सोलरच्या प्लेटा बसवायला लागलास, आणि एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणालास, "वैशे, टॉवर काही येऊन नाही राह्यला. माणसं त येऊन-जाऊन राह्यले ना? त्याहिच्याच खिशातून निरोप नेऊ."

कल्पना सुंदर होती. आजही म्हणते. दोघांनी मिळून फोनसाठी तसा प्रोग्राम लिहिला. एक फोन दुसऱ्याजवळून गेला की निरोप ब्लूटूथनं त्याच्यात उतरायचा, तो तिसऱ्याजवळून गेला की तिसऱ्यात, असं करत करत फाट्यावर पोचायचा आणि तिथून ज्याचा त्याला. टॉवर नको, रिचार्ज नको. फक्त माणसं चालती-फिरती हवीत आणि त्यांनी दुसऱ्याचा निरोप आपल्या फोनमध्ये घ्यायला हवा.

तिथेच सगळं अडलं. तांड्यात लाइन असते कमी आणि जाते जास्त, म्हणून फोनची बॅटरी म्हणजे जीव की प्राण. दुसऱ्याचा निरोप वाहायचा तर ब्लूटूथ चालू ठेवा, म्हणजे बॅटरी उतरणार. पहिल्या काही दिवसांतच सगळ्यांनी घेणं बंद केलं आणि पाठवणं चालू ठेवलं. प्रत्येकाला आपला निरोप जायला हवा होता, दुसऱ्याचा न्यायला कोणी तयार नव्हतं.

मी म्हटलं, लोकांना समजावू. घरोघरी जाऊ. तू हसलास. तुझं ते हसणं मला कधीच आवडलं नाही, पुढचा माणूस शाळेत आहे असं समजून हसायचास.

"फुकट कोण वाहीन वं? आमच्या आज्या-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, धान्य वाह्यलं, कुठून कुठं नेलं. फुकट नेलं का? जो फुकट वाह्यते त्याले लोक बैलच समजते."

"तू मला लॅबमध्ये तुझी सोल्डरिंग गन द्यायचास," मी म्हटलं. "बॅचमध्ये मी एकटी मुलगी, बाकीचे कोणी हात लावू द्यायचे नाहीत. तू गन माझ्या टेबलावर ठेवून चहाला निघून जायचास. काय मिळालं तुला?"

"तुह्या जर्नलवरून माह्यं जर्नल उतरवाले भेटलं."

हे ऐकून मी हसले, आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण तू थांबणाऱ्यातला नव्हतास. मी परत काहीतरी म्हटलं, माणुसकीचं, आणि तू एकदम चिडलास. "तुह्या आज्यानं वाह्यले ना फुकट निरोप? गावोगाव, मयतीचे? काय भेटलं त्याले? तेच तू आता माह्या तांड्याले करायले लावून राह्यली."

मी लॅपटॉप बंद केला. कमलवहिनींनी चहा ठेवला होता, तो न घेता उठले आणि चालत फाट्यावर गेले. माझ्या आजोबांच्या पिढीनं काय वाहिलं, कोणाच्या धाकानं वाहिलं आणि दाराबाहेर उभं राहून कशी ती मयताची बातमी द्यायची, हे मीच तुला विश्वासानं सांगितलं होतं. तेच उचलून तू माझ्या तोंडावर मारलंस. काही दिवसांनी तू पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन यवतमाळला आलास, शेंगा माझ्या आईच्या हातात दिल्यास आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात प्रोग्रामबद्दल बोलायला लागलास. माफी मागायची तुझी रीत म्हणजे शेंगा. आईनं त्या मीठ घालून उकडल्या आणि मी मुकाट्यानं खाल्ल्या. पण माफ केलं नव्हतं. हे तुला आज सांगते.

मग आले तुझे मार्क. जो निरोप वाहील त्याला मार्क. समाजमंदिराच्या भिंतीवर तू सोलरची प्लेट लावलीस, खाली लाकडी फळी, फळीवर चार्जिंगचे पॉइंट. ज्याचे मार्क जास्त त्याचा फोन आधी चार्ज होणार. तांड्यात हा हा म्हणता उत्साह पसरला. आणि मग तुझ्या तांड्यानं तुला जो धडा शिकवला, तो आठवला की मला अजून हसू येतं, एवढ्या रागातसुद्धा.

गिरणीवर दळणाचे डबे रांगेत ठेवून बायका घरी निघून जातात ना, डबा आपला नंबर धरतो, तसे लोक सकाळीच फोन फळीवर ठेवून शेतात जायला लागले. नंबर लागला पाहिजे ना! सगळ्या तांड्याचे फोन दिवसभर शेजारी शेजारी पडलेले, आणि तेच तेच निरोप ह्याच्यातून त्याच्यात, त्याच्यातून ह्याच्यात. प्रत्येक खेपेला मार्क. माणसं रानात मोकळ्या हातानं फिरतायत आणि फोन फळीवर बसून मार्क कमावतायत. फाट्यावर एक निरोप पोचला नाही. मी एका आजीला विचारलं, फोन सोबत का नेत नाही? ती म्हणाली, "इथं बसल्या बसल्या इतके मार्क भेटते, त रानात नेऊन कायले मातीत घालू?" मी पोट धरून हसले. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

दुसरा नियम तू त्या रुसव्यातच लिहिलास, आणि तो चांगला होता. हेही मी म्हणते, कारण मी तुझ्यासारखी नाही. निरोप ज्याचा त्याला पोचल्याशिवाय मार्क नाहीत, आणि मार्क द्यायचे ते पाठवणाऱ्यानं, स्वतःच्या कमाईतून. जवळून जाणाऱ्याचा फोन विचारणार: फाट्याचा निरोप आहे, इतके मार्क, घेऊ का? होय किंवा नको. आत काय लिहिलंय आणि कोणी लिहिलंय ते दिसणार नाही. ते कुलूप माझं, आणि त्याबद्दल मी एक शब्दही मागे घेणार नाही. तांड्यातल्या बायकांचे निरोप वाटेतल्या प्रत्येकानं वाचायचे, असली सोय मला करायची नव्हती.

चाललं ते. झकास चाललं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका सगळ्यात पुढे गेल्या, कारण रोज नव्या शेतात त्याच जातात. दिवसभर पारावर बसणाऱ्या पुरुषांचे फोन फळीच्या शेवटच्या टोकाला गेले. कमलवहिनींच्या मैत्रिणी फळीवर पहिला पॉइंट अडवून उभ्या राहायच्या. तू माझ्याकडे बघायचास, बघ म्हणून. मी बघत होते. पण मला दुसरंही दिसत होतं.

तुझं घर तांड्यात नव्हतंच. नाल्यापलीकडे, शेतात. तिकडून रोज जाणारा एकच माणूस, मोटारसायकलवर दुधाचे कॅन बांधून फाट्यावर नेणारा देविदास. बाकी कोणी नाही. म्हणजे तुझ्या फोनजवळून कोणाचा निरोप जायचाच नाही. वाहायला काही नाही म्हणून मार्क नाहीत, मार्क नाहीत म्हणून देण्यासारखं काही नाही, देण्यासारखं नाही म्हणून तुझा निरोप घ्यायचं कोणाला कारण नाही. हे मी तुला कागदावर आकृती काढून दाखवलं. मधल्यांची चंगळ आणि कडेचा उपाशी.

"कडेचा माणूस कोण? मीच आहो ना," तू म्हणालास. "मी पाहून घेईन."

"मग स्वतःच्या फोनला थोडे मार्क टाक. एका ओळीचं काम आहे."

"मीच मार्क टाकून घेतले त लोक म्हणतीन, याचंच दुकान हाय."

बरं, तेही सोडलं मी. म्हटलं, निदान लाल खूण ठेव. कोणाचा जीव जात असेल तर त्यानं निरोपाला लाल खूण लावावी आणि लाल निरोप सगळ्यांनी मार्क न बघता घ्यावा. आपण फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो, तू मला सोडायला आला होतास, गळ्यात तो घामट दुपट्टा. तू मान हलवलीस.

"लाल ठेवली की सगळंच लाल होते, वैशे. कोणाची म्हैस अडली तरी लाल खूण मारतीन. मग खरा मरणारा मागं राह्यते."

"मारू दे ना म्हशीसाठीसुद्धा! काय बिघडतं?"

बस आली. तू माझी पिशवी वर दिलीस आणि म्हणालास, पुढच्या खेपेला बोलू. पुढची खेप आलीच नाही. ते भांडण अजून त्या फाट्यावर उभं आहे.

आता त्या दुपारचं. तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐक. वहिनी वेचणीला गेल्या होत्या, याडी, तुझी आई, तांड्यात नातवंडांपाशी. तू घरी एकटा. छातीत दुखायला लागलं. तू फोन काढलास आणि फाट्यावर जीप घेऊन उभ्या असणाऱ्या तुझ्या साळ्याला, रमेशला, निरोप लिहिलास. देविदास नाल्याकाठानं निघाला होता. त्याच्या फोननं विचारलं: फाट्याचा निरोप आहे, शून्य मार्क, घेऊ का?

त्यानं नको दाबलं.

मी त्याला नंतर फाट्यावर भेटले. तो दुधाच्या कॅनला धरून उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. "मॅडम, बॅटरी खाली आलती. डेरीवाल्याले फोन लावाचा होता. शून्य मार्क दिसले, म्या म्हटलं असंन कोणाचं काही, जाईन उद्या. प्रकाशभाऊचा हाय असं दिसलं असतं त..." दोष काय द्यायचा त्याला? त्यानं तुझाच नियम पाळला. तांड्याला तू जे शिकवलंस ते तो शिकला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या, आईनं ऐकल्या तर घरात घेणार नाही अशा.

संध्याकाळी वहिनी परतल्या तेव्हा तू खाटेखाली पडलेला होतास. ट्रॅक्टरमध्ये घालून तुला वर आणलं. रमेश धावत आला, ट्रॅक्टरच्या फाळक्यावर चढला, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. तुझा फोन तुझ्या खिशात होता, त्याचा त्याच्या. दोन्ही जवळ आले आणि निरोप उतरला. तुझा निरोप आणि तू एकाच ट्रॅक्टरमधून फाट्यावर पोचलात. वाहणारा शेवटी तूच निघालास.

रमेशनं तो निरोप मला दाखवला. त्यानं पुसलेला नाही. त्यात लिहिलंय:

"छातीत दुखून राह्यलं. जीप घेऊन ये. घाई नाही."

घाई नाही!

कोणाला घाई नव्हती रे? वहिनींना? याडीला? मला? कोणासाठी लिहिलेस ते दोन शब्द? एकट्या घरात छाती धरून बसलेला माणूस, निरोप कुलपातला, रमेशशिवाय कोणी वाचणार नाही, तिथेसुद्धा तुला बाकी सगळ्यांच्या पुढे जायचं नव्हतं. लोक याला मोठेपणा म्हणतात. तेरवीला हेच म्हणाले असतील. मी याला माज म्हणते. दुसऱ्याकडून काही घ्यावं लागू नये म्हणून मरून जाणं, हा माजच आहे. आयुष्यभर सगळ्यांच्या प्लेटा बसवल्यास, सगळ्यांचे फोन चार्ज केलेस, त्याचा हिशेब तू कधी मागितला नाहीस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र शून्य मार्क म्हणून गप्प बसलास. फुकट कोणी वाहत नाही हे तुझं वाक्य तू दुसऱ्या कोणाबद्दल बोलतच नव्हतास. तुला फुकट घेता येत नव्हतं, एवढंच. माझ्या जर्नलचं निमित्तही त्यातलंच. नुसतं दिलं असं कबूल केलं असतंस तर मलाही तुला काहीतरी नुसतं देता आलं असतं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू आजोबांचं नाव काढलंस त्या दिवशी सांगायला हवी होती, पण मला इतकं लागलं होतं की मी तशीच उठून गेले.

दीक्षा घेतल्यावर आजोबांनी निरोप वाहणं सोडलं. गावानं बोलावलं, दटावलं, ते गेले नाहीत. आमच्या बाभुळगावात त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढे बऱ्याच काळानं शेजारच्या आळीतला एक माणूस गेला, ज्यानं आजोबांना सगळ्यात जास्त दटावलं होतं तोच. त्याची लेक राळेगावकडे दिली होती. तिला कळवणारं कोणी नव्हतं, घरात सगळ्या बायका. आजोबांनी सायकल काढली. आजी दारात आडवी उभी राहिली, म्हणाली, "आता काहून जाता? आता त सोडलं ना ते?" आजोबा म्हणाले, "तवा मले धाडत होते. आज मी जाऊन राह्यलो." आणि गेले. तिच्या दाराबाहेर उभे राहिले नाहीत, आत जाऊन बसले, आणि तिला सांगितलं.

हे तुला कळलं असतं का? बहुतेक तू म्हणाला असतास, तुह्या आज्याले मानपान भेटला ना, तोच मार्क. मग मी चिडले असते, तू हसला असतास. तेवढं भांडण माझ्याकडे तयार आहे आणि ते घ्यायला तू नाहीस. मला तुझी फार आठवण येते, प्रकाश, आणि त्याचाही मला राग येतो.

नियम मी बदलला. तुला विचारलं नाही. मार्क आहेत तसे ठेवले, ते तुझे चांगलेच आहेत. फक्त लाल खूण घातली. लाल निरोपाला होय की नको असा प्रश्न नाही, तो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये उतरतो, आणि पोचेपर्यंत फोन थरथरत राहतो. फाट्यावर पोचला की त्याची एक प्रत माझ्याकडे येते. तांड्यातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. देविदास पुढे बसला होता. हल्ली तो लाल-पांढरं काही बघत नाही, येईल त्या निरोपाला होय म्हणतो. बॅटरी संपते, ओरडा खातो, तरी होयच म्हणतो.

परवा मी वर्गात शिकवत होते आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. पहिला लाल निरोप. मुलांना सोडून बाहेर आले आणि उघडला. तुझ्या शेतावरून, कमलवहिनींचा:

"म्हैस अडली. डॉक्टरले धाडा. घाई आहे."

झालं तुझ्या मनासारखं? म्हैस! तू म्हणाला होतास तशीच, आणि तीही तुझ्याच गोठ्यातली. हस आता.

देविदासनं दुधाचे कॅन नाल्याकाठी टाकून गाडी पळवली म्हणे. वाटेत वेचणीच्या बायका लागल्या, त्यांच्याही फोनमध्ये निरोप उतरला, देविदासनं "भाऊच्या शेतावरून लाल हाय" असं ओरडून सांगितलं, तर त्यांतल्या दोघी कापूस तिथेच ठेवून वहिनींच्या मदतीला नाल्यापलीकडे धावल्या. रमेशनं दिग्रसहून डॉक्टरांना जीपमध्ये घालून आणलं. कोणी मार्क विचारले नाहीत. दुपारी वहिनी मुद्दाम फाट्यावर चढून आल्या आणि मला फोन लावला. "ताई, म्हैस वाचली. वगार झाली." मी म्हटलं, बरं झालं. मग मनात जे आलं ते दोघींनीही बोलायचं टाळलं.

मी बोलते. कडेच्या घरातल्या म्हशीसाठी सगळा तांडा धावला, प्रकाश. तुझ्यासाठी धावला नसता का रे?